ऑड्रीच्या चाळण्या

इंग्लंडमधल्या बिलिंगहॅमच्या आमच्या कारखान्यात बुरशीपासून खाण्याजोगं प्रथिन बनायचं. चर्चच्या मनोऱ्याएवढी उंच टाकी. तळातून हवा सोडली की बुरशी वाढवायचा, हवेनं हलका झालेला रस एका नळातून वर चढायचा, वर हवा निघून गेली की दुसऱ्या नळातून खाली उतरायचा. ढवळायला पातं नव्हतंच. मी त्या टाकीचा चालक.

बुरशी वाढली की रस लापशीसारखा घट्ट व्हायचा. मग बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत आणि सरळ वर सटकत. प्राणवायू रसात मुरायचाच नाही. बुरशी गुदमरायची. असे दोन घाणे वाया गेल्यावर लंडनच्या कचेरीनं कळवलं, पातं बसवा, नाहीतर काम गुंडाळा.

आमची मुख्य अभियंता ऑड्री गार्बट हिनं पात्याला साफ नकार दिला.

"पातं फिरलं की बुरशीचे धागे तुटणार. मग चावायला उरेल काय? पेज विकायची का आपण?"

तिचा बेत वेगळा होता. चढत्या नळात भोकांच्या चाळण्या बसवायच्या, म्हणजे मोठा बुडबुडा प्रत्येक चाळणीपाशी फुटून पुन्हा बारीक होईल. विल्फ थर्केल हा आमचा जुना फिटर, तिच्या वडिलांबरोबर जहाजं बांधलेला. त्याला हे पटेना.

"पोरी, धागे भोकांत अडकतील. आठवड्यात नळ तुंबेल तुझा."

दोघं दुपारभर भांडली. शेवटी भोकं मोठी ठेवायची आणि कडा गुळगुळीत करायच्या असं ठरलं. विल्फनं एकेक भोक स्वतः घासलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

नवा घाणा लागला. रस दाटला तसा प्राणवायूचा काटा घसरत धोक्याच्या खुणेपाशी आला. मी टाकी बंद करायला हात पुढे केला.

"थांब," ऑड्री म्हणाली.

काटा तिथंच अडला आणि हळूहळू वर सरकू लागला. विल्फ चष्मा पुसत राहिला. घाणा पुरा झाल्यावर टाकी उघडली, तर चाळण्या स्वच्छ होत्या. लंडनहून पात्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढं हॉलंडहून माणसं आमची टाकी बघायला आली. ही कल्पना कुणाची, असं त्यांनी विचारलं.

"आमच्या ऑड्रीची," विल्फ म्हणाला. "भोकं माझी."

त्या रविवारी तो मला कुंपणाबाहेर दिसला. बायकोला घेऊन आला होता. बाहेरून नुसती टाकीच दिसते. तरी ती माउली वाऱ्यात स्कार्फ धरून वर बघत होती, आणि विल्फ हातवारे करून तिला बुडबुडे समजावत होता.