सात डिसेंबरच्या आत

गावच्या टपाल कचेरीच्या खिडकीत मी एकतीस वर्षं बसले. कुणाला कोर्टाचं पत्र येतं, कुणाच्या मुलाचं पत्र येत नाही, हे सगळं मला कळायचं आणि माझ्याच पोटात राहायचं. त्यामुळे निवृत्तीनंतर वाचनालयाने लोकांना विमा निवडायला मदत करण्यासाठी मला बोलावलं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. पासष्टीपुढच्या माणसांचा सरकारी विमा, मेडिकेअर, आम्हाला अमेरिकेत दर वर्षी पंधरा ऑक्टोबर ते सात डिसेंबर एवढ्याच दिवसांत बदलता येतो. कंपन्या दरसाल आपल्या डॉक्टरांच्या याद्या फिरवतात. यंदा हा डॉक्टर आहे, पुढल्या वर्षी नाही. सप्टेंबरात जाडजूड पाकिटं येतात. म्हातारी माणसं ती न फोडताच फ्रिजवर टाकतात, आणि मग पिशवीत भरून माझ्याकडे आणतात. मी शिकून घेतलंय, फुकट करते. नियम एकच. टेबलावर ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, नवऱ्याचं बायकोलासुद्धा.

डेलमार हूकस्ट्रा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात एकटाच आला. शहात्तरीचा माणूस. चाळीस वर्षं त्याने गावचं पाणीखातं सांभाळलं होतं. तो आणि आर्डिथ दर वर्षी जोडीने यायची, दोघांना एकच योजना घ्यायची आणि वीस मिनिटांत निघायची.

"आर्डिथ कुठंय?" मी विचारलं.

"चर्चमध्ये गोधड्या शिवतेय. तिला सांगून आलोय, केस कापायला चाललो म्हणून."

"त्या डोक्यावर कापायला काय आहे?"

तो हसला नाही. खिशातून एक कार्ड काढून त्याने माझ्यासमोर सरकवलं. शहरातल्या एका डॉक्टरबाईंचं होतं. मेंदूच्या.

"जुलैमध्ये शाळेमागचा नळ फुटला," तो म्हणाला. "पाणीखात्यातल्या नव्या पोराने मला फोन केला, व्हॉल्व्ह कुठंय विचारायला. नकाशात नाही तो, मीच बसवलाय. मी तिथे जाऊन उभा राहिलो, मार्लिस, आणि मला काही म्हणता काही आठवेना. त्यांनी पाच घरांची अंगणं खणली."

ऑगस्टमध्ये तो एकटाच गाडी घेऊन त्या बाईंकडे जाऊन आला होता. जानेवारीत तपासण्या होत्या, नंतर दर तीन महिन्यांनी जायचं होतं. मी कॉम्प्युटरवर पाहिलं. त्याच्या चालू योजनेच्या यादीत पुढल्या वर्षी त्या बाई नव्हत्या. दुसऱ्या एका योजनेत होत्या.

"म्हणजे माझी वेगळी नि तिची वेगळी होणार," तो म्हणाला. "ती विचारेल."

"विचारणारच. सांगून टाक की."

"सांगतो. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला लेकी येतात, तेव्हा सगळ्यांना एकदम सांगतो. आत्ता सही केली तर कंपनीची पत्रं घरी यायला लागतील, आणि टपालपेटी तीच उघडते. तोवर तू गप्प राहा."

मी डॉक्टरांची नावं लिहायचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने कार्डावर बघून नाव उतरवलं आणि खाली लिहिलं, 'मला हीच डॉक्टर हवी. डेलमार.' मी तो कागद त्याच्या फाइलीत लावला.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी दोघं आली. आर्डिथने माझ्यासाठी भोपळ्याचा गोड पाव आणला होता.

"लवकर उरक बाई," ती म्हणाली. "दुपारी ह्याला झोप लागते, आणि उठवलं की गुरगुरतो."

"गुरगुरत नाही, घोरतो," डेलमार म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "नेहमीचीच दे. दोघांना."

मी त्याच्याकडे पाहिलं. "डॉक्टर तेच सगळे?"

"तेच."

"आणखी कुणी नाही? नीट आठव."

"एक गुडघ्याचा, एक खोकल्याचा. ह्या वयात डॉक्टर जमवायचा छंद नाही लागला मला."

आर्डिथ हसली. 'नोटीस मिळालीच नाही' असं बेधडक सांगणारे मी खिडकीतून शेकड्यांनी पाहिलेत. खोटं बोलणारं तोंड मला कळतं. डेलमारच्या तोंडावर खोटं नव्हतं. तो इकडेतिकडे बघत होता, पावाचा तुकडा मोडत होता, आणि त्याच्या मनात काहीही नव्हतं.

मी म्हटलं, कॉम्प्युटर आज फार हळू चाललाय, शुक्रवारी या. ते मात्र खोटं होतं.

विम्याचं काम आम्हाला शिकवणाऱ्या बाईंना मी नाव न घेता फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, बायकोला सांगता येणार नाही, त्याच्याशीच बोला. बुधवारी सकाळी तो धान्यकोठाराच्या कचेरीत दोस्तांबरोबर कॉफी पीत बसतो. मी त्याला बाहेर बोलावलं, माझ्या गाडीत बसवलं, हीटर लावला आणि तो कागद त्याच्या हातात दिला.

"अक्षर कुणाचं?"

त्याने चष्मा लावला, काढला, परत लावला. "माझंच."

"लेकींना सांगितलंस का?"

"काय सांगायचं होतं?"

मी त्याला सगळं सांगितलं. फुटलेला नळ, खणलेली अंगणं, त्याने मला काय काय सांगितलं होतं ते. नळाचं त्याला आठवत होतं. डॉक्टरबाईंचा चेहरा थोडा आठवत होता. माझ्या टेबलाशी एकटं येऊन बसल्याचं मुळीच नाही.

"मला वाटत होतं अजून वेळ आहे," तो म्हणाला. मग चष्मा खिशात ठेवून, "आत्ताच घरी चल. दुपारपर्यंत हे डोक्यात राहील की नाही, माझा भरवसा नाही."

आर्डिथ ओट्याशी बटाटे सोलत होती. डेलमार कोटही न काढता टेबलाशी बसला.

"आर्डिथ, मी शहरात गेलो होतो. मेंदूच्या डॉक्टरकडे. केस कापायला नाही."

तिने हात पुसून कागद घेतला. वाचून झाल्यावर ती माझ्याकडे वळली.

"तुला कधीपासून माहीत?"

"ऑक्टोबरपासून."

"आणि परवा माझ्यासमोर बसून म्हणालीस, कॉम्प्युटर हळू चाललाय."

"मला सांगता येत नव्हतं, आर्डिथ."

"तुझं झालं ते. माझं काय? दोन महिने मी त्याच्यावर डाफरतेय. शेगडी चालूच ठेवतो म्हणून, किल्ल्या हरवतो म्हणून. लेकींसमोर त्याला म्हणाले, तू कधी कशात लक्ष म्हणून देत नाहीस. त्यावर त्या हसल्या. तोही हसला."

मी उभीच होते. मला कुणी बस म्हटलं नाही.

"तिला नको बोलूस," डेलमार म्हणाला. "मीच सांगितलं होतं तिला, गप्प राहा म्हणून."

"आठवतंय तुला, सांगितलेलं?"

तो कागदाकडे बघत राहिला. "नाही," तो म्हणाला.

शुक्रवारी ती दोघं आली. आर्डिथ कामापुरतंच बोलली. डेलमारने नव्या योजनेवर सही केली. तिची पाळी आली तेव्हा मी जुनी योजना उघडली, कारण तिचं हृदय बावीस वर्षं एकच डॉक्टर बघतो आणि तो नव्या यादीत नव्हता.

"ह्याचीच दे मला," ती म्हणाली.

"आर्डिथ, तुझा डॉक्टर जाईल त्यात."

"कळतं मला. ह्याला शहरात न्यायचं म्हणजे आता मीच नेणार. त्याच इमारतीत कुणीतरी माझंही हृदय बघेल. दोन दिशांना दोन दवाखाने मला नाही झेपायचे."

मी तिला पडद्यावर दोनदा दाखवलं. वर्षभर त्रास होईल, असं सांगितलं. "जुन्या डॉक्टरला माझ्या छातीतलं सगळं ठाऊक आहे, तेही ठाऊक आहे मला," असं म्हणून तिने सही केली. तो चार डिसेंबर होता.

जानेवारीतल्या तपासण्यांत जे निघायचं तेच निघालं. जिल्ह्याच्या गावापलीकडे कधी गाडी न हाकलेली आर्डिथ आता दर तीन महिन्यांनी महामार्गावरून दीड तास त्याला नेते, उजवीकडची लेन न सोडता. तिच्या नव्या डॉक्टरने तिची गोळी बदलली आणि फेब्रुवारीत ती गॅरेजमध्ये चक्कर येऊन पडली. मनगट मोडलं. प्लॅस्टर उतरेपर्यंत धाकटी लेक येऊन राहिली होती. हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळलं.

पुढच्या ऑक्टोबरात ती माझ्या टेबलाशी आली नाही. चाळीस मिनिटांवरच्या दुसऱ्या गावच्या वाचनालयात जाऊन तिने अर्ज भरला आणि आपला जुना डॉक्टर परत मिळवला, असं ऐकलं.

वाणसामानाच्या दुकानात मात्र गाठ पडतेच. डेलमार मला बघून टोपी उचलतो, हवापाण्याचं बोलतो. माझं नाव घेत नाही. परवा आर्डिथने ढकलगाडी थांबवली.

"लेकी म्हणतात, तू केलंस ते बरोबर होतं," ती म्हणाली. "मी अजून तिथवर पोचले नाही."

"घाई नाही," मी म्हटलं.

"नाहीच," ती म्हणाली, आणि डेलमारच्या कोटाची बाही धरून त्याला दुधाच्या कपाटाकडे घेऊन गेली.