नापास व्हायची परीक्षा

तीस टक्क्यांचा कागद घेऊन मी घरी आले, तर सासूबाईंनी पेढे आणून ठेवलेले. माझ्या नवऱ्याने, राजरत्नने, फोनवर आधीच बातमी फोडली होती. माझ्या सासूबाई, शालनबाई, दारातूनच शेजारणीला सांगत होत्या, "फक्त तीस निघाले! म्हणजे सत्तर टक्के आमची पायल चांगलीच आहे की." मी चपला काढल्या, कागद फ्रिजवर ठेवला आणि एक अख्खा पेढा तोंडात कोंबला. तोंड रिकामं असतं तर त्या दिवशी मोहन्यातल्या सगळ्या चाळीला ऐकू गेलं असतं.

चाळीस लागतात. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर चाळीस टक्के नसतील तर तो कागद असून नसल्यासारखा. पायल नऊ वर्षांची आहे, तिला ऑटिझम आहे, आणि दिवाळीपासून ती घरीच आहे. वर्गात कानांवर हात दाबून ओरडते म्हणून तिच्या शाळेने हात टेकले. कल्याणला एक शाळा आहे, तिथे अशा मुलांसाठी वेगळी खोली आणि शिकलेल्या दोन बाई आहेत. त्यांनी जूनअखेरपर्यंत एक जागा धरून ठेवायचं कबूल केलं होतं. अट एकच, चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट आणा. जागा गेली तर पायल आणि खिडकी, खिडकी आणि पंखा. ते मी सहा महिने बघितलं होतं आणि त्याचा मला जीव नकोसा होईपर्यंत कंटाळा आला होता.

तीस कसे आले, ते सांगते. आमच्या घरात नापास होणं कुणाला माहीतच नाही. सासरे शिवराम कंपनीत कामगार होते, पाळ्या सांभाळून त्यांनी मॅट्रिक केली. राजरत्न खात्याच्या तीन परीक्षा देऊन वर चढला. मी लग्नानंतर बी.ए. झाले, पोट पुढे घेऊन पेपर लिहिले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली आमच्या तिघांची सर्टिफिकेटं, काचेच्या फ्रेमा घालून. शिकलो म्हणून इथवर आलो, असं सासूबाई येईल त्याला सांगतात, आणि त्यात काही खोटं नाही.

तर ठाण्याच्या सरकारी हॉस्पिटलची तपासणीची तारीख आली, आणि आम्हाला जे येतं तेच आम्ही केलं. तयारी. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ. नाव, वय, पत्ता, चार रंग, पाच फळं. सासूबाई सोफ्यावर डॉक्टर होऊन बसायच्या. राजरत्न ऑफिसातून आला की उजळणी घ्यायचा. मी काही सोवळी नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघणं पायलला सहन होत नाही, म्हणून कपाळाकडे बघायची युक्ती मीच तिला शिकवली. एकाच्याही डोक्यात आलं नाही की ही परीक्षा पास व्हायची नव्हती.

तपासणीच्या दिवशी पायल निळ्या खुर्चीत बसली, हात जोडले आणि डॉक्टरबाईंच्या कपाळाकडे बघत घडाघडा म्हणाली, "जयभीम मॅडम. माझं नाव पायल राजरत्न भालेराव. वय नऊ वर्षं. राहणार मोहने." आंबा, केळं, पेरू, सगळं बरोबर. राजरत्नची छाती फुगलेली मला बाजूने दिसत होती.

कागद मिळाला त्या दिवशी तिथली चाचण्या घेणारी मुलगी, संचिता, माझ्या मागे कॉरिडॉरमध्ये आली. "ताई, रागावू नका. शिकवून आणलेलं का तिला?"

"हो."

"आम्हाला मग पायल दिसलीच नाही ना. तुमची तयारी दिसली. फेरतपासणीचा अर्ज करा आणि या वेळी घरी असते तशी घेऊन या."

अर्ज केला. पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली. घरी सांगून टाकलं की आता कुणी एक शब्द शिकवायचा नाही.

"मग काय तशीच नेणार?" सासूबाई.

"तशीच."

"लोकं काय म्हणतील गं?"

"चाळीस म्हणू देत, आई. मला तेवढंच पाहिजे."

आता बिल्ल्याचं सांगायला हवं. पायलच्या उजव्या मुठीत चोवीस तास एक पितळी बिल्ला असतो. सासऱ्यांचा, कंपनीतल्या हजेरीचा, वर नंबर कोरलेला. चार वर्षांची असताना तिला तो त्यांच्या पेटीत सापडला. नंबरावर अंगठा घासत बसली की ती शांत असते. तो काढून घ्यायला गेलं की घर डोक्यावर. आंघोळीला सुद्धा सोडायची नाही आणि पितळेने हात हिरवा व्हायचा. मग मी एक रीत बसवली. मी हात पुढे करायचा, तिने बिल्ला द्यायचा, मी मोठ्याने दहापर्यंत मोजायचं आणि परत द्यायचा. त्याच्याबरोबर एक वाक्य शिकवलं, "आई देते." आधी दहा, मग हळूहळू दहाच्या चार फेऱ्या, आंघोळ उरकेपर्यंत. हे बसायला दोन वर्षं लागली. बापाला ती बिल्ला देत नाही, आजीला देत नाही. मला देते, कारण मी एकदाही चुकले नव्हते.

पायलची सगळी वाक्यं अशीच, कुणीतरी शिकवलेली. आपण होऊन जोडलेलं एकही वाक्य नऊ वर्षांत तिच्या तोंडून आलेलं नव्हतं. मी वाट बघत होते, हे कबूल करते.

दुसऱ्या तारखेला गाडी करून गेलो. तीच खोली, तीच निळी खुर्ची, त्याच डॉक्टरबाई. मला वाटलं होतं, उजळणी नाही, तर विसरली असेल. माझी मुलगी काही विसरत नाही, हे मीच विसरले होते. खुर्चीत बसता बसता तिने हात जोडले. "जयभीम मॅडम. माझं नाव पायल राजरत्न भालेराव." कुणी विचारलं नसताना पत्ता सांगितला, रंग सांगितले, फळं सांगितली. डॉक्टरबाई हसल्या. राजरत्नही हसला, त्याला आवरलंच नाही. त्याला जोरात चिमटा काढावासा वाटला मला.

"मॅडम, ही घरी अशी नसते," मी म्हणाले. "मिक्सर लागला की डोकं आपटते. मनगट चावते. भूक लागली तरी सांगत नाही."

"तुम्ही सांगता ते मी लिहितेय. पण इथे जे दिसतं तेही लिहायला लागतं ना," त्या शांतपणे म्हणाल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. पायल मुठीतल्या नंबरावर अंगठा फिरवत शहाण्यासारखी बसली होती. डॉक्टरबाईंचं पेन कागदावर खाली खाली सरकत होतं. कल्याणची ती खोली, त्या दोन बाई, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून चाललं होतं.

मी हात पुढे केला. "पायल, बिल्ला."

तिने माझ्या तळहाताकडे बघितलं. "आई देते," म्हणाली आणि ठेवला.

मी मोजले. एक ते दहा, नेहमीसारखे. तिने हात पुढे केला. मी मूठ मांडीवर ठेवली आणि मिटूनच ठेवली.

"आई देते," ती म्हणाली.

तिला वाटलं, मोजायचं राहिलं. तिने स्वतः मोजले, एकेक आकडा नीट, घाई न करता, आणि पुन्हा हात पुढे केला. मग तिसऱ्यांदा मोजले, तेव्हा आवाज चढला होता.

"अमृता, दे की गं," राजरत्न कुजबुजला.

"गप्प बस."

मग जे व्हायचं ते झालं. खुर्ची पडली. तिने मनगट चावलं, रक्त येईपर्यंत. टेबलाच्या कडेवर कपाळ आपटलं, राजरत्न मध्ये हात घालेपर्यंत दोनदा. कपडे ओले झाले. आणि सगळा वेळ ती ओरडत होती, "दहा, दहा, दहा." संचिता धावत आली. तिने पायलकडे बघितलं, मग माझ्या मुठीकडे बघितलं आणि मान खाली घातली. डॉक्टरबाई लिहीत होत्या. त्यांचं पेन थांबेपर्यंत मी मूठ उघडली नाही.

उघडली तेव्हा पायलने बिल्ला घेतला नाही. माझा हात झटकला आणि बिल्ला घरंगळत कपाटाखाली गेला. राजरत्नने जमिनीवर पालथं पडून तो काढला, आपल्या शर्टाला पुसला आणि तिच्याजवळ ठेवला. परतीच्या वाटेवर शहाडच्या पुलावर तो म्हणाला, "झालं का तुझं काम?" मी म्हणाले, "आपलं काम." रडायला येत होतं, पण रडायचा हक्क त्या दिवशी माझा नव्हता.

सत्तर टक्के मिळाले. या वेळी पेढे आले नाहीत. सासूबाईंनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि पायलच्या कपाळावरच्या टेंगळावर हळद लावत विचारलं, "हे कशानं लागलं?" राजरत्न म्हणाला, "तिथे टेबल होतं." त्याने मला सांभाळून घेतलं, आणि तेही मला सहन झालं नाही.

कल्याणची जागा मिळाली. कागद जमा केला, तिथल्या बाई गोड बोलल्या, पायलला खोली दाखवली. तिला कोपऱ्यातली जड गोधडी आवडली, ती अंगावर ओढून ती बराच वेळ बसली. जे हवं होतं ते सगळं झालं.

घरी मात्र तिची आंघोळ मूठ मिटूनच व्हायची. मी हात पुढे केला नाही. म्हटलं, शाळा सुरू होऊ दे.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. पाणी काढलं, नवा युनिफॉर्म खुंटीला होता. सासूबाई टॉवेल घेऊन न्हाणीच्या दारात उभ्या होत्या. पायलचा तळवा पुन्हा हिरवा पडलेला बघितला आणि मी हात पुढे केला. "पायल, बिल्ला. दहा."

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. मग माझ्याकडे बघितलं. नीट कपाळाकडे, मी शिकवलं होतं तसं, परक्या माणसांकडे बघायचं तसं.

"आई देत नाही," ती म्हणाली.

सासूबाईंच्या हातातून टॉवेल पडला. "अगं बया! अमृता, ऐकलंस का? बोलली! आपल्या मनानं बोलली! राजरत्न, ये रे इकडे, पोरगी बोलली!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "हे कुणी शिकवलं गं हिला?"

"मी," मी म्हणाले, आणि तांब्या भरून मुठीसकट तिच्या अंगावर पाणी घातलं.