दोन भोकांमधलं अंतर

दादाला गाड्यांमधलं सगळं कळतं, असं दादाचं मत होतं. या मताला घरात दुसरा पाठीराखा नव्हता.

धाकटीची छोटी, जुनी गाडी गॅरेजमध्ये पुढची चाकं काढून जॅकवर उभी होती. चाकांचे धक्के झेलणाऱ्या दोन्ही शॉकअपमधून तेल गळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची तपासणी होती. नापास झाली, तर ती रस्त्यावर आणता येणार नव्हती आणि बाबांना दिवसाआड दवाखान्यात न्यायला दुसरं वाहन नव्हतं. दादाकडे नवीकोरी गाडी होती, पण बाबांच्या काठीने तिच्या दाराला ओरखडे पडतील या काळजीने त्याची झोप उडायची.

"नवे आणायला दुकानात जाताना हा जुना नमुना न्या, म्हणजे चूक होणार नाही," असं म्हणत मिस्त्रीने तेलकट शॉकअप पुढे केला.

"माझ्या गाडीत? ही घाण?" दादा दोन पावलं मागे सरला. "अहो, मॉडेल माहीत आहे, साल माहीत आहे. फोटो काढलाय मी."

भांडण्यात वेळ घालवण्यापेक्षा धाकटीने पिशवीतून खाकी कागद काढला. ती शिवणकाम करायची, कागद आणि कात्री तिच्याजवळ कायम असायची. शॉकअपच्या खालच्या पट्टीला बोल्ट बसायची दोन भोकं होती. पट्टीखाली कागद धरून तिने दोन्ही भोकांतून पेन्सिल फिरवली आणि तेवढा तुकडा कापून घेतला.

"आता गाडीला झबलं शीव," दादा म्हणाला.

दुकानात दादाने काउंटरवर कोपर टेकवून साल सांगितलं. फोटोत तेलाचा डाग ठळक होता, बाकी दादाचा अंगठा. दुकानदाराने दोन खोकी आणून ठेवली.

"उघडून दाखवा," धाकटी म्हणाली.

"ताई, वीस वर्षं हाच धंदा करतोय."

"मग खोकं उघडायला जड जाणार नाही."

दादाने डोळ्यांनी दुकानदाराची माफी मागितली. दोघे एकमेकांकडे बघून हसले. मूर्खांची ओळख पटायला वेळ लागत नाही. धाकटीने कागद नव्या पट्टीवर ठेवला. वरचं भोक जुळलं, खालचं बोटभर सरकलेलं होतं.

"कागद सरकला असेल," दादा म्हणाला.

"कागद सरकत नाही दादा, मी धरलाय."

दुकानदाराने पुन्हा लावून पाहिला. मग हसू आवरून विचारलं, "हे साल कुठलं? गाडीच्या नोंदणी पुस्तकातलं?"

"नोंदणीचं," दादा ऐटीत म्हणाला.

"नोंदणी कधी झाली ते नको मला. गाडी तयार कधी झाली? तुम्ही सांगताय त्या सालापासून कंपनीने पट्टी बदलली."

धाकटीने कागदपत्रांवरचा चॅसी नंबर वाचून दाखवला. तो कॉम्प्युटरमध्ये टाकल्यावर कळलं की, गाडी आदल्या वर्षी बनून चार महिने शोरूममध्ये उभी होती. दुकानदार माळ्यावर चढला आणि धुळीने माखलेली एक जोडी घेऊन उतरला. या वेळी खोकी त्याने स्वतःच उघडली. कागद दोन्ही भोकांवर नेमका बसला.

"मला शंका होतीच," दादा म्हणाला.

गॅरेजमध्ये पोचेपर्यंत ही शंका त्याने तीनदा सांगितली आणि चौथ्यांदा मिस्त्रीला सांगताना खोकी उघडायला लावणाराही तोच झाला होता. धाकटीने त्याचं म्हणणं खोडलं नाही. चुकलेल्या माणसाला ती दहा वेळा समजावून सांगायची, पण तो शिकायला तयार असला तरच.

दुसऱ्या दिवशी तपासनिसाने बॉनेट दाबून सोडलं. गाडी एकदा वर आली आणि शांत झाली. त्याने कागदावर शिक्का मारला.

धाकटी बाबांना घेऊन निघाली, तेवढ्यात दादाचा फोन आला.

"झाली ना पास? बघ, मी बरोबर होतो म्हणून."

"हो दादा," ती म्हणाली. "पुढच्या वेळी येऊ नकोस."