मोठ्यातून लहान

एसटीतून उतरताना प्रेमलाबाईंचा पाय मोडला आणि त्यांच्या दुसरीच्या वर्गाला कुणी वाली उरला नाही. भूकंपानंतर निलंग्याच्या वाटेवर नव्यानं वसवलेलं ते गाव. शाळा अजून पत्र्याच्या शेडमध्ये भरायची आणि शिकवायला बाई एकट्याच. गावकऱ्यांनी गळ घातली तेव्हा बाईंचे यजमान वसंतराव म्हणाले, "बाई बऱ्या होईस्तोवर मी येतो. वजाबाकीच तर शिकवायची."

लातुरात वसंतरावांचे गणिताचे क्लासेस जोरात होते. बारावीत पोरगं गेलं की आईबाप आधी त्यांचं दार गाठायचे. त्यांना हे काम म्हणजे गंमत वाटली. प्रेमलाबाईंनी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून पिशवीत दिले होते. ती पिशवी त्यांनी शेडच्या कोपऱ्यात ठेवली ती ठेवलीच. फळ्यावर अठ्ठेचाळीस लिहिले, खाली तेवीस. "एककाखाली एकक, दशकाखाली दशक. मोठ्यातून लहान काढायचा. बस्स. म्हणा!"

"मोठ्यातून लहान!" पोरं ओरडली.

आठवड्याभरात पोरं धडाधड उत्तरं देऊ लागली. सगळ्यांत पुढं बबिता. तिची आई भूकंपात गेली होती. बाप भुजंग हा एका गवंड्याच्या हाताखाली कामाला जायचा. बबिता एरवी फारशी बोलायची नाही, पण वजाबाकी दिसली की हात वर. वसंतराव घरी येऊन कौतुकानं सांगायचे, "तुझ्या काड्या लागल्याच नाहीत बघ."

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं. सगळा गाव जमला होता. लोकांना काहीतरी दाखवावं म्हणून वसंतरावांनी बबिताला पुढं बोलावलं आणि घाईत फळ्यावर गणित मांडलं : बावन्न वजा अडतीस.

बबितानं आठातून दोन काढले, पाचातून तीन काढले आणि ठसठशीत लिहिलं : सव्वीस.

मागून कुणीतरी हसलं. वसंतरावांच्या तेव्हा लक्षात आलं की हे हातच्याचं गणित आहे आणि हातचा तर आपण शिकवलेलाच नाही. पण समोर सरपंच होते.

"असं कुणी शिकवलं तुला?" ते म्हणाले.

"तुमीच की, सर. मोठ्यातून लहान."

"मी? मी असं कसं शिकवीन? तुझंच लक्ष नसतं."

सगळा वर्ग त्यांच्याकडं बघत राहिला. भुजंग गर्दीतून पुढं आला, त्यानं बबिताच्या पाठीत धपाटा घातला. "सराला खोटं पाडती व्हय गं?" बबिता रडली नाही. तिनं हातातला खडू फळ्याच्या कडेला नीट ठेवला आणि जाऊन बसली.

घरी वसंतरावांना जेवण जाईना. प्रेमलाबाईंनी खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं.

"मोठ्यातून लहान असं म्हणालात तुम्ही त्यांना?" बाई म्हणाल्या. "वरच्यातून खालचा म्हणायचं असतं हो. हातचा पुढं यायचाच असतो."

"चूक ते नाही, प्रेमला." त्यांचा आवाज खाली गेला. "मी तसं शिकवलंच नाही म्हणालो. सात वर्षांच्या पोरीपुढं. आणि तिनं मार खाल्ला."

यावर बाईंनी त्यांच्यापुढचं भरलं ताट झाकून ठेवलं. ते वसंतरावांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी वसंतराव आधी भुजंगकडं गेले. भुजंग कामाला निघाला होता. त्यांनी दारातच सांगून टाकलं, "पोरगी खरं बोलत होती. मीच तसं शिकवलं होतं आणि लोकांसमोर नाकबूल झालो."

भुजंग गडबडला. "जाऊ द्या की सर. तुमी लई मोठी माणसं. पोरीला दोन रट्टे बसले तर काय बिघडलं न्हाई."

वसंतरावांना वाटलं, यानं आपल्याला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्गात त्यांनी तेच गणित पुन्हा लिहिलं. "काल बबिता चुकली नाही. मी चुकीचं शिकवलं होतं, आणि वर खोटं बोललो." मग त्यांनी काड्यांची पिशवी काढली, जमिनीवर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या. दोनातून आठ जाईनात, तेव्हा एक गठ्ठा सोडायला त्यांनी बबिताला बोलावलं. ती आली. तिनं रबर काढलं, काड्या मोजल्या, चौदा उरल्या असं सांगितलं आणि जागेवर गेली.

पुढं तिची गणितं बरोबरच यायची. पण हात वर करणं तिनं सोडलं. वसंतराव काही सांगू लागले की ती शेजारच्या पोरीकडं बघायची, ती काय लिहिते ते पाहून मगच पाटीवर लिहायची. त्यांनी दोनदा तिला स्वतःहून उठवलं. ती उत्तर द्यायची, हळू, मान खाली घालून.

दिवाळीच्या तोंडावर त्यांचा शेवटचा दिवस आला. पोरं त्यांना सोडायला फाट्यापर्यंत आली. बबिताही होती.

"सर, बाई कधी येणार?"

"सुट्टी संपली की. पाय बरा झालाय आता."

"मग बरंय," ती म्हणाली, आणि पोरांमागं पळाली.

एसटी आली. आत जागा रिकामी होती, तरी वसंतराव लातूरपर्यंत दांडी धरून उभेच राहिले.