पत्त्यातला आकडा

कॉम्प्युटरच्या डिस्कने मान टाकली, तेव्हा ताईने नाइलाजाने धाकट्या बहिणीला फोन लावला. ताई घरी बसून शिवणकारखान्यासाठी कपड्यांचे पॅटर्न आखायची आणि अंथरुणाला खिळलेल्या आईचं करायची. धाकटी समुद्रापलीकडे एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायची. ती निघाली तेव्हा ताई रागाच्या भरात म्हणाली होती, "जातेस ना? मग परत तोंड दाखवू नकोस." त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं म्हणजे आईची तब्येत, तेही दोन-चार शब्दांत.

"नवी डिस्क घेऊच नकोस," धाकटी म्हणाली. "तुझी सगळी सिस्टीम मी इथे क्लाउडवर ठेवते. तुझ्याकडे नुसता एक पेनड्राइव्ह. तो मशीनला जागं करेल, बाकीचं सगळं इथून येईल."

"एवढ्या लांबून?"

"एवढ्या लांबून."

सेटिंग करता करता तीन तास गेले. काळ्या पडद्यावर उमटेल ते ताई वाचून दाखवी, धाकटी सांगेल ते टाइप करी. "अगं ताई, दोन टिंबं म्हणजे एकावर एक, शेजारी शेजारी नव्हे!" दोघी खळखळून हसल्या. मधेच ताई आईला पाणी द्यायला उठली, तर धाकटी फोन धरून बसून राहिली. शेवटी पडद्यावर भराभर ओळी सरकल्या आणि सिस्टीम उघडली.

"आलं!" ताई ओरडली.

"आलं ना? चल, ठेवते मग."

त्यानंतर मशीन बिनतक्रार चाललं. सकाळी बटण दाबलं की चार-पाच मिनिटं ओळी सरकत, आणि हातातलं काम टाकून ताई त्या बघत बसे. हे सगळं तिच्याकडून येतंय, एवढंच मनात येई. हात फोनकडे जाई नि मागे येई. फोन करून म्हणायचं तरी काय? आई होती तशीच होती.

सोळाव्या दिवशी तिने पेनड्राइव्हमधला सर्व्हरचा पत्ता उघडला आणि त्यातल्या सात आकड्याच्या जागी एक केला. मशीन अडलं. तिने फोन लावला.

"चालू होत नाहीये गं."

"इकडे तर सगळं ठीक दिसतंय. पत्ता वाच बघू."

ताईने अडखळत वाचला.

"ताई, हा आकडा आपोआप बदलत नाही."

खोटं बोलणं ताईला जन्मात जमलं नव्हतं. "मीच बदलला. तुला फोन करायला काही निमित्त तर हवं ना? तू निघालीस त्या दिवशी बोलू नये ते बोलले गं मी."

धाकटीने नाक ओढलं. "आईच्या कानाला फोन लाव ना जरा."

ताईने लावला. आईला आता माणसं ओळखू येत नव्हती. पण "आई" अशी हाक ऐकताच तिने मान वळवून दाराकडे पाहिलं.

"दाराकडे बघतेय," ताई म्हणाली.

"रजा मिळायला अजून चार महिने आहेत, ताई."

"असू देत. तोवर बोलत राहा."

बोलण्याच्या नादात त्या दिवशी मशीन चालू झालंच नाही. पॅटर्न एक दिवस उशिरा गेले. आणि आई संध्याकाळपर्यंत दाराकडेच बघत होती.