दिवेलागणीचं उखळ

गोजाबाईचं मुसळ वर गेलं, की केराबाईचं खाली यायचं. बाळीवेशीतल्या त्या खोलीत एकाच उखळात दोघी समोरासमोर शेंगाचटणी कुटत होत्या, आणि बँकेचे साहेब तिखटाच्या खकाण्यानं नाकाला रुमाल लावून उंबऱ्यात उभे होते. बँक सरकारची झाल्यापासून लहान धंद्यांना कर्ज द्या, असं वरून सांगणं होतं. विजेवर चालणारं यंत्र घ्या, शेजारची खोली घ्या, माल पुण्याला धाडा, असं ते परोपरीनं समजावत होते.

गोजाबाईनं हात थांबवला नाही.

"कशाला सायेब? मालक गेले तवा पोटासाटी उखळ मांडलं. पोट भरतंय. दिवेलागणीला उठून कीर्तनाला जायला मिळतंय. आनि काय पायजे मानसाला?"

केराबाईचं मुसळ काठावर आपटलं, तशी गोजाबाई तिला म्हणाली,

"ध्यान कुटं हाय गं? सायबाच्या चपला बघतीस व्हय?"

केराबाई हसली. साहेबही हसले आणि निघाले. ते कोपऱ्यावर पोचले असतील-नसतील, तोच केराबाई पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेली. बराच वेळ आली नाही.

महिन्याभरानं तिनं काम सोडलं. मागच्या बोळात तिच्या यंत्राची घरघर सुरू झाली. दुकानदार म्हणायचे, चव थोडी कोरडी लागते, पण माल वेळेवर येतो. गोजाबाईच्या उखळापाशी आता निंगव्वा उभी राहायची. तिचं मुसळ गोजाबाईच्या मुसळावर आदळायचं. केराबाईला पैशाची हाव सुटली, असं गोजाबाई येईल त्याला सांगायची. पोरीसारखी वागवली होती तिला, असंही सांगायची.

एका सकाळी केराबाई द्रोणात चटणी घेऊन आली.

"अक्का, चव बघा की."

गोजाबाईनं चिमूट जिभेवर ठेवली. लसूण बेताचा होता. तिनंच शिकवलेला.

"बरी झालीय. पर काय कमी केलं हुतं गं मी तुला? एवडा पसारा कशाला मांडलास?"

केराबाईनं द्रोण खाली ठेवला.

"तुमी काय बी कमी केलं न्हाय, अक्का. पर दिवेलागणीला तुमी उटून जायचा, मागं उखळ धुवाया मी असायची. देवळात पोचंस्तवर आरती व्हायची. मला बी एकदा कथा पहिल्यापासनं ऐकायची हुती. यंत्र सांज व्हायच्या आत मोकळं करतंय."

ती गेली. गोजाबाईनं मुसळ उचललं.

सांज झाली. देवळात टाळ वाजू लागले. निंगव्वानं सवयीनं घागर ओढली, तेव्हा गोजाबाईनं ती तिच्या हातातून घेतली.

"तू हो फुडं."

उखळाच्या तळाशी तेलकट तिखट घट्ट बसलं होतं. बोटांनी खरवडावं लागत होतं; पाणी ओतलं की डोळे चुरचुरत. पूर्वरंग संपला असेल, आता कथा सुरू झाली असेल, हे तिला टाळांवरून कळत होतं. तिनं उखळ दुसऱ्यांदा धुतलं.

ती देवळात पोचली तेव्हा आरती चालू होती. पुढं, खांबाला लागून, तिच्या नेहमीच्या जागेवर केराबाई उभी होती. गोजाबाई मागंच, चपलांपाशी थांबली आणि तिखटानं चुरचुरणाऱ्या हातांनी टाळ्या वाजवू लागली.