ओटो ब्लेंकरचा चौथा कोपरा

फायर ब्रिगेडच्या हॉलमध्ये शनिवारी भरणाऱ्या जुन्या कार्डांच्या बाजाराला एकच नियम होता. दुसऱ्याच्या हातात कार्ड असताना आपण भाव बोलायचा नाही. बाकी सगळं चालायचं. बायकोला खोटं सांगून आलेलं चालायचं, खोटं कार्ड खरं म्हणून विकायचा प्रयत्नही एकदा चालवून घेतला जायचा. पण एखाद्याने बेसबॉल खेळाडूच्या चित्राचं जुनं कार्ड उचललं, की तो ते परत टेबलावर ठेवीपर्यंत शेजाऱ्याने तोंड उघडायचं नाही. गावातले लोक चर्चमध्येही एवढे गप्प बसत नसत.

हा नियम हार्लन स्टकीनेच लावून दिला होता. हार्लन सरकारी वजनंमापं तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला. त्याच्या शब्दाला हॉलमध्ये मान होता, आणि तो आहे हे त्यालाही ठाऊक होतं.

त्या शनिवारी व्हर्ना सिगारची एक पेटी काखेत मारून आली. तिचा नवरा क्लेटन हिवाळ्यात गेला. क्लेटन आणि हार्लन इथे वर्षानुवर्षं टेबलाला टेबल लावून बसलेले. क्लेटन आधी हात धुवायचा, मग पुसायचा, मग वर फुंकर घालायचा, आणि तेव्हा कुठे कार्डाला बोट लावायचा. हार्लन त्याला डॉक्टर म्हणायचा.

"तूच बघ बाबा," व्हर्ना म्हणाली. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. क्लेटन म्हणायचा, पेटी दाखवायची तर हार्लनलाच दाखव."

हार्लनने पेटी उघडली. वरची कार्डं साधी होती. त्यांच्याखाली ओटो ब्लेंकर होता.

ओटो हा पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाचा राखीव कॅचर. शंभरेक वर्षांपूर्वी तो एक हंगाम बाकावर बसला आणि मग वडिलांच्या खाटकाच्या दुकानात परत गेला. तेव्हा ही कार्डं सिगारेटच्या पाकिटातून फुकट मिळायची. त्याचं कार्ड कुणालाच नको होतं, म्हणून सिगारेटवाल्यांनी ते पाकिटात फारसं घातलं नाही, आणि म्हणूनच आता ते सगळ्यांना हवं होतं. हार्लनचा जन्म त्याच्या शोधात गेला होता. आणि हा ओटो तर चारही कोपरे टोकदार ठेवून बसला होता. या व्यवहारात कोपरा म्हणजे अब्रू. एकदा दुमडला की संपलं.

"काय रे, बरं आहे का काही?" व्हर्नाने विचारलं.

"जुनं आहे," हार्लन म्हणाला.

"जुनी तर मीही आहे. किंमत आहे का?"

"बघू. सगळी पेटी मिळून काहीतरी ठरवू."

हे वाक्य त्याने इतरांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं होतं. त्या इतरांना तो चोर म्हणत असे.

शेजारच्या टेबलावर गस कोवाच होता. त्याने ओटोला पाहिलं आणि खुर्ची थोडी पुढे ओढली. कार्ड टेबलाला टेकलं की गस खरा भाव बोलणार, हे हार्लनला कळलं. म्हणून त्याने ते टेकवलंच नाही. प्लास्टिकचं पाकीट हाताशी होतं, पण त्यात घालायला आधी खाली ठेवावं लागलं असतं.

कॉफी त्याने डाव्या हाताने प्यायली. नाकही डाव्या हातानेच खाजवलं.

"हात भरून आला असेल," गस म्हणाला.

"नाही."

"ठेव की जरा खाली."

"बघतोय अजून."

"मागच्या बाजूला कादंबरी छापलीय का?"

स्वयंपाकघरातून पिरोगींचा, म्हणजे बटाटा भरलेल्या पोलिश करंज्यांचा, वास आला. गस पहिल्या घाण्याला कधी चुकत नसे. हार्लनची सगळी मदार त्यावरच होती. आज गस उठला नाही.

व्हर्नानेच मग हार्लनसाठी हॅमचं सँडविच आणलं. "माझ्या पायी उपाशी राहिलास," म्हणत ते त्याच्या डाव्या हातात दिलं.

त्याने पहिला घास घेतला आणि छपरावरचा भोंगा वाजला. तो दर शनिवारी दुपारी चाचणीसाठी वाजतो. हार्लन तो उभं आयुष्य ऐकत आला होता. पण चोराच्या मनात चांदणं. त्याची उजवी मूठ मिटली.

उघडली तेव्हा ओटोचा चौथा कोपरा चित्रातल्या टोपीच्या रेषेपासून खाली मुडपला होता. आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या.

व्हर्नाने चष्मा वर केला. "अरेरे, हा कोपरा वाकलाय की. क्लेटनचंच काम. मला म्हणायचा, हात लावू नकोस, आणि स्वतः बघ कसा धसमुसळा."

हार्लनच्या तोंडात घास होता. त्याने तो चावला. हॅमच्या घासाला लागतं त्याहून कितीतरी जास्त वेळ चावला. व्हर्ना तोवर क्लेटनला आणखी दोन शब्द सुनावून मोकळी झाली.

"व्हर्ना," अखेर तो म्हणाला, "कोपरा मी मोडला. आत्ता, भोंगा झाला तेव्हा. आणि कार्ड साधं नाही. फार मोलाचं आहे. मी तुला सांगितलं नाही."

व्हर्नाचे डोळे भरून आले. "त्याच्यावर बोल येऊ नये म्हणून म्हणतोस ना? तू पहिल्यापासून असाच. गस, ऐकतोस ना? मित्र असावा तर असा."

गसने हार्लनच्या हाताकडे पाहिलं. कार्ड अजून हातातच होतं. गस नियमाने गप्प राहिला.

मग हार्लनने ओटोला टेबलाच्या मधोमध ठेवलं. बोटं सरळ व्हायला वेळ लागला. "घे, ठेवलं खाली," तो म्हणाला. "सांग हिला."

गस व्हर्नाकडे वळला. मग म्हणाला, "क्लेटनसारखा हात धुणारा माणूस या हॉलने पाहिला नाही, व्हर्ना. हा कोपरा त्याचा नव्हे."

"बघ, तूही मेला याच्याच बाजूचा," ती डोळे पुसत हसली. "असू दे रे. मोडकं तर मोडकं. हार्लन, हे तुझ्यापाशी ठेव, क्लेटनची आठवण."

"नको गं. खरंच नको."

"घे की," गस म्हणाला. "आता तुझंच आहे ते." त्याने पेटी बंद करून काखेत घेतली. "चल व्हर्ना, पिरोगी खाता खाता बाकीच्या कार्डांचं खरं काय ते सांगतो. हात धुऊन."

दोघं गेली. ओटो तिथेच पडून राहिला. नियमाप्रमाणे आता कुणीही उचलावा, कुणीही भाव बोलावा. येणारेजाणारे थांबत, कोपऱ्याकडे बघत, हार्लनकडे बघत, आणि पुढच्या टेबलाकडे सरकत.